मे महिन्यात तारकर्लीला जावं का?

प्रश्न : आम्ही घरचे सोळा-सतरा जण मे महिन्यात मालवण-तारकर्लीला निघालोय. भाची म्हणते, पर्यटकांमुळे किनाऱ्यावरच्या गावांचे हाल होतात. अहो, आम्ही पैसे खर्च करतो, गावाला रोजगार मिळतो. मग हाल कसले?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : रोजगार मिळतो, हे खरंच. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि आज तिथली कितीतरी घरं न्याहारी-निवासावर चालतात. पण आपल्याकडच्या सहली बसमध्ये आचारी, शेगडी आणि तेलाचा डबा घालून निघतात. मग गावाच्या वाट्याला पत्रावळ्या आणि बिस्लेरीच्या बाटल्या तेवढ्या उरतात. शेंगा चटणी न्या, कडक भाकरी न्या, तिच्याशिवाय आपल्याला करमत नाही. जेवण मात्र तिथल्याच घरी घ्या.

खरी मेख पाण्याची आहे. काही दिवसांआड नळ येणाऱ्या सोलापूरकराला हे सांगायला नको खरं तर, पण तोच सोलापूरकर समुद्रावर पोचला की दिवसातून तीनदा अंघोळ करतो! तारकर्लीशेजारचं देवबाग गाव म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. अशा ठिकाणी वाळूखालचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. मोटार लावून जास्त उपसलं की खालचं खारं वर चढतं. तिथल्या एका घरमालकीणबाईंनी मला त्यांच्या विहिरीचं पाणी चाखायला दिलं. मचूळ. चहापुरता हंडा त्या दुसऱ्या वाडीतून आणतात, आणि मागच्या न्हाणीत पाहुण्यांचा शॉवर चालूच असतो. तेव्हा खोली ठरवताना एसी आहे का, याच्या आधी विहिरीचं विचारा. सांडपाणी कुठे जातं, हेही विचारा. शोषखड्डा, म्हणजे सांडपाणी जमिनीत जिरवणारा खड्डा, नसेल तर ते फिरून विहिरीतच येतं.

पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, गाडी घालू नका. ती रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्यांची कामाची जागा आहे, शिवाय ऑलिव्ह रिडले कासवं अशाच वाळूत अंडी घालतात. स्नॉर्केलिंग करताना प्रवाळावर उभं राहायचं नाही. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

तारीख हलवता आली तर जानेवारीतली आपली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आटोपली की निघा. तेव्हा विहिरींना पाणी असतं. जून-जुलैत जाऊन ताजी सुरमई मात्र मागू नका, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. शाळांमुळे मे महिनाच हवा असेल, तर सतरा जण एकाच घरावर जाऊन पडू नका. तीन घरांत वाटून उतरा, मधल्या दलालाला वगळून थेट घरमालकांशी बोला आणि अंघोळ बादलीतच करा.