मुंगूस दिवसा फिरतो, साप रात्री

प्रिय,

तुझा मेल परवाच वाचला होता पण घाईघाईत दोन ओळी लिहून पाठवाव्यात असं वाटेना, म्हणून आज सगळं आवरून निवांत बसलेय. जपानच्या ओकिनावा बेटावर जायचं नक्की झालं हे वाचून किती बरं वाटलं काय सांगू, मी तिथे सहा वर्षं राहिले आणि आता सांगलीत परत येऊन पण बरीच वर्षं झाली तरी तिथलं उत्तरेकडचं यांबारूचं जंगल म्हटलं की अजून पावसात भिजलेल्या नेच्याचा वास येतो बघ.

तू विचारलंयस की ताई, सहा महिन्यांत मी असं काय करू की तिथल्या त्या यांबारू कुइना पक्ष्याला माझा खरंच उपयोग होईल. प्रश्न चांगलाच आहे, पण त्याचं उत्तर द्यायच्या आधी मला तुला एका मुंगसाची गोष्ट सांगायचीय.

लहानपणी आपण मुंगूस दिसला की "मुंगसा मुंगसा तोंड दाखव" म्हणत मागे पळायचो ना, दिसला की दिवस चांगला जाणार. आणि मुंगूस म्हणजे सापाचा वैरी, हे तर आपल्याकडे शेंबड्या पोराला पण माहिती. हेच जगभर सगळ्यांच्या डोक्यात होतं. ओकिनावात हाबू नावाचा विषारी साप आहे, उसाच्या शेतात माणसांना चावायचा, आणि उंदीरही ऊस खाऊन नासधूस करायचे. तेव्हा टोकियोच्या विद्यापीठात शोझाबुरो वातासे म्हणून प्राणिशास्त्राचे प्रोफेसर होते, मोठा माणूस, जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांमधल्या प्राण्यांच्या सीमारेषेला आजही त्यांचं नाव आहे. त्यांनी 1910 मध्ये गंगेच्या मुखाजवळ पकडलेले सतराएक मुंगूस नेऊन ओकिनावाच्या दक्षिण भागात सोडले. म्हणजे आपल्याकडचेच गं. आपल्या बांधावर जो मोठा राखाडी दिसतो तो नाही, त्याच्यापेक्षा लहान चणीचा, तिकडे त्याला लहान भारतीय मुंगूस असंच म्हणतात. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा आपल्या घरातल्या कोणीतरी दुसऱ्याच्या घरी जाऊन नुकसान केल्यासारखं वाईट वाटलेलं.

आता बघ, त्यांचा हेतू वाईट होता का, अजिबात नाही, लोक सापाने मरत होते आणि त्यांना ते थांबवायचं होतं. पण मुंगूस दिवसा फिरतो आणि हाबू रात्री. दोघांची गाठच फारशी पडत नाही. एवढी साधी गोष्ट. मग दिवसभर फिरणाऱ्या मुंगसाला दिवसा जे सापडेल ते तो खाणार, किडे, पाली, सरडे, बेडूक, आणि जमिनीवर चालणारे पक्षी. हळूहळू दरवर्षी थोडं थोडं वर सरकत 1990 च्या दशकात तो बेटाच्या उत्तरेला, यांबारूच्या जंगलात पोचला. आणि तिथे आपला हा पक्षी.

यांबारू कुइना. आपल्याकडच्या लाजऱ्या पाणकोंबडीच्या कुळातलाच, ओढ्याकाठी शेपटी उडवत फिरते ना तिचाच लांबचा भाऊबंद समज. जेमतेम फूटभर लांब, वजन अर्धा किलोच्या आतबाहेर, चोच आणि पाय लालभडक, पोटावर काळेपांढरे पट्टे, अंग ऑलिव्ह तपकिरी. उडता जवळजवळ येत नाही. त्या बेटावर त्याला खायला जमिनीवरून धावणारा असा सस्तन शिकारीच कधी नव्हता, मग उडायची ताकद कशाला बाळगेल तो, सगळा जोर पायांत आलेला. जगात फक्त त्या एका बेटाच्या उत्तरेच्या टोकाला आहे, कुनिगामी, ओगिमी आणि हिगाशी या तीन गावांच्या जंगलात, बाकी कुठेच नाही. विज्ञानाला तो कळला 1981 मध्ये, यामाशिना पक्षी संस्थेच्या लोकांनी पकडून रीतसर नाव दिलं तेव्हा. त्यानंतर 1985 च्या सुमाराला अंदाज होता 1800 चा आणि 2005 पर्यंत तो सातशेच्या आसपास आला. वीस वर्षांत निम्म्याहून जास्त गेले, आणि जिथे जिथे मुंगूस पोचला तिथून तिथून हा मागे हटत उत्तरेला सरकत गेला.

पण "1981 ला सापडला" हे वाक्य तिकडे गावातल्या म्हाताऱ्या माणसांसमोर बोलू नकोस, कारण त्यांना तो आधीपासून माहिती होता. ते त्याला आगाची म्हणायचे, म्हणजे सतत लगबगीत असणारा. किती बरोबर नाव आहे! तू एकदा त्याला रस्ता ओलांडताना बघ, मान पुढे काढून, दूध उतू चाललंय अशी घाई असते. म्हणून माझा पहिला सल्ला हाच की पेपर वाचशील ते वाच पण गावातल्या आजोबा-आजींकडे जाऊन बस, चहा दिला तर घे, जपानी मोडकंतोडकं येत असलं तरी चालेल, आणि आगाची कुठे दिसायचा, कधी दिसायचा बंद झाला, परत कधी ऐकू यायला लागला हे विचार. तिथले लोक मोकळे आहेत, फक्त घाईत असलेल्या माणसाशी बोलत नाहीत.

घाईवरून माझी एक चूक सांगते, आजपर्यंत फार कोणाला सांगितलेली नाही. मला तिथे जाऊन दुसरंच वर्ष होतं, मे महिना, तिकडचा पावसाळा, म्हणजे पिल्लांचे दिवस. पहाटे रस्त्याच्या कडेने चालले होते तर गटाराच्या काठाला एक पिल्लू, कोळशाच्या खड्यासारखं काळंकुट्ट, ओलं झालेलं, आणि बारीक आवाजात ओरडत होतं. मी जनावरांची डॉक्टर ना, मला वाटलं आईबाप गाडीखाली आले असणार, हे गारठून मरेल, आणि मी काहीही विचार न करता ते उचलून जॅकेटमध्ये घेतलं. मागून शेतावर निघालेले एक आजोबा आले, गावात त्यांना सगळे ओजी म्हणायचे, त्यांनी काय झालं ते बघितलं आणि एवढंच म्हणाले, खाली ठेव आणि मागे ये. आम्ही वीसएक पावलं मागे जाऊन थांबलो. पाच मिनिटं काहीच झालं नाही, माझा जीव वरखाली, आणि मग अगदी जिथे मी उभी होते तिथूनच हातभर अंतरावरच्या नेच्यातून आई बाहेर आली, एक हलकी हाक दिली आणि पिल्लू तिच्यामागे पळालं. ती तिथेच होती गं सगळा वेळ. मी तिथून हटत नव्हते म्हणून ती बाहेर येत नव्हती. आणि मी जर ते घेऊन गेले असते तर मी वाचवलं असंच आयुष्यभर समजत राहिले असते.

त्या दिवशी मला वातासे प्रोफेसरांची आठवण झाली, खरंच. त्यांच्यात आणि माझ्यात काय फरक होता, मलाही चांगलंच करायचं होतं. तेव्हापासून काहीही करायच्या आधी मी स्वतःला विचारते की हा प्राणी कधी जागा असतो, कधी झोपतो, कुठून येतो, मी नसताना काय करतो. तुला पण तेच सांगेन. पहिला महिना नुसती बस. तुझे गाईड म्हणतील डेटा कुठेय, तर बसलीस त्याची वही हाच डेटा.

आणि बसलीस की काय दिसतं ते सांगते म्हणजे बसायला कंटाळा येणार नाही. संध्याकाळी उजेड कमी व्हायला लागला की कुइना एखाद्या वाकड्या झाडाच्या बुंध्यावरून चालत वर चढतो, उडत नाही, चालत, अधूनमधून पंख फडफडवून तोल सांभाळत, आणि फांदीवर जाऊन झोपतो. खाली रात्री हाबू फिरतो ना. म्हणजे ज्या सापासाठी मुंगूस आणला त्या सापाबरोबर कसं राहायचं ते या पक्ष्याने कधीच शोधून ठेवलं होतं. दिवसा येणाऱ्या मुंगसावर मात्र त्याच्याकडे उपाय नव्हता. दुसरं म्हणजे गोगलगाय. एकदा ओढ्याजवळ मी टक टक असा आवाज ऐकला, आधी वाटलं कोणीतरी काहीतरी ठोकतंय, बघते तर कुइना शंखाची गोगलगाय चोचीत धरून एका चपट्या दगडावर आपटतोय, तीन वेळा, मग थांबून उलटी करून बघतो, परत दोन वेळा, आणि शंख फुटला की आतलं मऊ तेवढं काढून खातो. त्या दगडाभोवती फुटक्या शंखांचा थर पडलेला, आपल्याकडे लग्नघरी मागच्या दारी नारळाच्या करवंट्या पडतात ना तसा. असे दगड शोध. एक दगड सापडला की त्या जागेबद्दल खूप काही कळतं.

बाकी तिथलं काम कसं चालतं ते थोडक्यात सांगते, डिटेल तुला तिथे कळेलच. 2000 पासून मुंगूस पकडायला सुरुवात झाली, मग शिओया खाडीपासून फुकुजी धरणापर्यंत बेट आडवं कापत कुंपण घातलं म्हणजे दक्षिणेतले वर येऊ नयेत, आणि 2008 पासून मुंगूस पकडणाऱ्यांची खास टीम आहे, त्यांच्याकडे लेंडीचा वास ओळखणारे कुत्रे पण आहेत. मी त्या लोकांबरोबर काही दिवस फिरले. डोंगर चढायचा, नळीसारखा ट्रॅप उघडायचा, रिकामा आहे असं लिहायचं, आमिष बदलायचं, पुढच्या ट्रॅपकडे जायचं. दिवसभर. संध्याकाळी वहीत नुसती शून्यं. तुला वाटेल हे काय काम झालं, पण पक्षी परत येतो तो या शून्यांमुळेच येतो, आणि आज कुइना दीड हजारांच्या आसपास आहेत असं मानतात ते याच लोकांच्या गुडघ्यांवर. ओकिनावाच्या उत्तरेकडच्या अमामी बेटावर 1979 मध्ये तीसेक मुंगूस सोडलेले, ते वाढत वाढत दहा हजारांपर्यंत गेले असं मानतात, आणि सगळे मिळून बत्तीस हजारांच्या वर पकडावे लागले तेव्हा कुठे 2024 मध्ये सरकारने बेट मुंगूसमुक्त झालं म्हणून जाहीर केलं. शेवटचा सापडला 2018 मध्ये. म्हणजे त्यानंतर सहा वर्षं ते लोक रिकामे ट्रॅप तपासतच होते, खरंच एकही उरला नाही याची खात्री व्हावी म्हणून. मला या सहा वर्षांबद्दल जितका आदर आहे तितका कुठल्याच गोष्टीबद्दल नाही.

आणि एक, मुंगसाचा राग करू नकोस. टीममधला एक जण ट्रॅपमध्ये मेलेला मुंगूस काढला की क्षणभर हात जोडायचा, मग पिशवीत घालून नंबर लिहायचा. त्याला तिथे आणलं माणसाने, तो फक्त जगत होता. मारावं लागतं हे खरं आहे आणि ते तुला बघावं लागेल, त्याची तयारी इथूनच करून जा, पण ते करताना चेष्टामस्करी करणारी माणसं भेटली तर त्यांच्यात मिसळू नकोस.

मांजरांचं थोडं वेगळं आहे. सोडून दिलेली मांजरं पण कुइना मारतात, आणि तिथे लोकांना मांजरं जीव की प्राण. कुनिगामीतलं आदा म्हणून छोटं गाव आहे, तिथल्या लोकांनी 2002 मध्ये स्वतःच नियम केला की पाळलेल्या मांजराची नोंद करायची, मायक्रोचिप बसवायची. मांजर तुमचंच राहील पण ते कोणाचं हे कळलं पाहिजे. भांडण न करता झालं ते, कारण गावाला पक्षी आपला वाटला होता. तू आदाला जाशीलच, तिथे गावाचं कुइना केंद्र आहे, पक्षी जवळून बघता येतो.

गाड्यांचं मात्र मनावर घे. आता सगळ्यात जास्त पक्षी डोळ्यांदेखत मरतात ते रस्त्यावर. रस्त्याकडेला पिवळे बोर्ड आहेत, काही ठिकाणी रस्त्याखालून जायला बोगदे केलेत, आणि गटाराची एक भिंत उतरती केलीय म्हणजे आत पडलेलं पिल्लू चालत वर येऊ शकतं. ती उतरती भिंत बघून मला भरून आलं होतं, कोणीतरी पिल्लाच्या पायाच्या मापाने विचार केला ना. तू तिथे भाड्याची गाडी घेशील, सगळे घेतात, तर पहाटे आणि पावसात ताशी तीसच्या वर जाऊ नकोस, मागच्याने हॉर्न दिला तरी, बाजूला घे आणि त्याला पुढे जाऊ दे. पाऊस पडला की गोगलगायी आणि गांडुळं रस्त्यावर येतात आणि त्यांच्यामागे कुइना येतो, आणि चोचीत काही असलं की त्याला आजूबाजूचं भान नसतं. जखमी पक्षी दिसला तर स्वतः उचलायचा नाही, तुला कितीही इंजेक्शनं देता येत असली तरी. तो तिथला राष्ट्रीय ठेवा आहे, संरक्षित आहे, फोन कुठे करायचा तो नंबर पहिल्याच दिवशी विचारून मोबाईलमध्ये सेव्ह कर.

हो, आणि गमबूट इथून नेऊ नकोस, तिकडे चांगले मिळतात आणि आपल्या बुटांची माती, बिया त्या जंगलात नकोतच. जे काही नेशील ते धुवून घासून ने. आईला सांग काळजी करू नको म्हणावं, तिकडची माणसं पोरीसारखी सांभाळतील. हाबूला मात्र जपून, रात्री टॉर्चशिवाय पाऊल टाकायचं नाही, आणि गवतात हात घालायचा नाही.

पोचलीस की पहिल्या पहाटे उजाडायच्या आधी उठून खिडकी उघड. एक जण हाक देईल, मग दुसरा, मग जोडीने सुरू होतील आणि दरीच्या पलीकडून कोणीतरी उत्तर देईल, एवढ्याशा पक्ष्याचा आवाज इतका मोठा असतो की पहिल्यांदा विश्वास बसत नाही. पहिली हाक किती वाजता आली आणि कोणत्या दिशेने आली ते लिहून मला पाठव. मी जिथे राहायचे तिथून दक्षिणेकडच्या डोंगरातून सहा वर्षांत एकदाही हाक आली नव्हती.

तुझी,
ताई