वाचकांचे प्रश्न : संशोधन मार्गदर्शिकांचे गट कसे करावेत?

प्रश्न : आमच्या ग्रंथालयाच्या संशोधन मार्गदर्शिका, म्हणजे वाचकांना उपयुक्त साधनांची माहिती देणारी वेबपाने, लिबगाइड्स या ग्रंथालयांसाठीच्या ऑनलाइन प्रणालीवर आहेत. त्यांची संख्या आता शंभराच्या पुढे गेली असून एकाच लांबलचक यादीत वाचकांना हवी ती मार्गदर्शिका सापडत नाही. प्रत्येक विषयाचा एक गट करावा, असे आमच्या काही सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. ते योग्य ठरेल का?
– एक ग्रंथपाल

उत्तर : विषयवार गट करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. लिबगाइड्समध्ये एक मार्गदर्शिका एका वेळी एकाच गटात राहू शकते, मात्र तिला विषय कितीही जोडता येतात. संख्याशास्त्रीय विश्लेषणाची मार्गदर्शिका अर्थशास्त्र, मानसशास्त्र आणि परिचर्या या तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना लागते. ती अर्थशास्त्राच्या गटात टाकली, की त्या गटाच्या पानावरून शोध घेणाऱ्या उरलेल्या दोघांच्या दृष्टीने ती नसल्यासारखीच होते. तीच मार्गदर्शिका तिन्ही विषयांखाली नोंदवली, तर तिन्ही ठिकाणी दिसते आणि दुरुस्ती मात्र एकदाच करावी लागते. म्हणून आशयाची वर्गवारी विषयांवर आणि टॅगवर सोपवावी.

मग गट कशासाठी? गटाला स्वतःचे मुखपृष्ठ, शीर्षपट्टी, तळपट्टी आणि रंगसंगती देता येते, तसेच तो कोणी पाहावा हेही ठरवता येते. त्यामुळे जिथे वाचकवर्ग, जबाबदार कर्मचारी किंवा प्रवेशाचा अधिकार खरोखरच वेगळा आहे, तिथेच गट करावा. विधी किंवा वैद्यकीय शाखेचे स्वतंत्र ग्रंथालय, दुर्मीळ ग्रंथ व हस्तलिखितांचा संग्रह आणि कर्मचाऱ्यांच्या अंतर्गत कार्यपद्धती ही त्याची योग्य उदाहरणे होत. गटांची ही सोय लिबगाइड्सच्या ‘सीएमएस’ नावाच्या अधिक सुविधांच्या आवृत्तीतच मिळते, तेव्हा आपल्याकडे कोणती आवृत्ती आहे, हे आधी पाहून घ्यावे.

अंतर्गत मजकुराबाबत विशेष काळजी घ्यावी, कारण इथे गैरसमज फार आढळतो. मार्गदर्शिकेची स्थिती ‘खासगी’ ठेवली, की ती सुरक्षित झाली असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ती केवळ यादीतून आणि शोधातून वगळली जाते आणि ज्याच्याकडे थेट लिंक आहे, त्याला ती उघडता येते. देवघेव कक्षाच्या सूचनांसारखा मजकूर बाहेर जाऊ नये असे वाटत असेल, तर त्यासाठी फक्त त्या गटात नेमलेल्या कर्मचाऱ्यांना लॉगइन करून पाहता येईल असा अंतर्गत गटच करावा.

गट करण्यापूर्वी सर्व मार्गदर्शिकांची यादी काढून प्रत्येकीपुढे तिचा लेखक, शेवटच्या सुधारणेची तारीख आणि भेटींची संख्या लिहावी. जिला आता कोणी वाली उरलेला नाही, ती एखाद्याकडे सोपवावी किंवा अप्रकाशित करावी. जुना मजकूर नव्या मुखपृष्ठाखाली ठेवल्याने वाचकाची फसगतच होते. डेटाबेसच्या लिंक प्रत्येक पानावर हाताने टाकलेल्या असतील, तर त्याही याच वेळी सामाईक अकारविल्हे यादीतून घ्याव्यात, म्हणजे पत्ता बदलल्यावर एकाच ठिकाणी बदल पुरेल.

गटांची नावे वाचकाच्या तोंडी असलेली हवीत. कार्यालयीन विभागांची नावे नव्या विद्यार्थ्याला ठाऊक नसतात, लघुरूपे तर मुळीच नाहीत. प्रत्येक गटाच्या मुखपृष्ठावर मुख्य यादीकडे नेणारी लिंक ठळकपणे द्यावी. संदर्भ कसे द्यावेत, वाङ्मयचौर्य कसे टाळावे अशा सर्वांनाच लागणाऱ्या मार्गदर्शिका कोणत्याही गटात न टाकता मुख्य यादीतच राहू द्याव्यात.