कुत्र्याला किंवा मांजराला अचानक दिसेनासं झालं तर काय करायचं?

आधी एक सांगतो, "दोन दिवस बघू" असं अजिबात करू नका, त्याच दिवशी व्हेटकडे न्या. डोळा लाल झालाय, बुबुळ धुरकट निळसर दिसतंय आणि हात लावू देत नाही, असं असेल तर काचबिंदू असू शकतो, त्यात आतला दाब वाढून काही तासांतच नजर कायमची जाऊ शकते.

म्हाताऱ्या मांजरात बहुतेक वेळा कारण डोळ्यात नसतंच, ब्लड प्रेशर असतं, किडनी किंवा थायरॉइडमुळे बीपी वाढतं आणि रेटिना, म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा, सुटतो. आमच्या मांजरीचं हेच झालं, भर उजेडात डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या काळ्याभोर आणि रोजच्या वाटेवर दाराच्या चौकटीला धडकली, तेव्हा कुठे कळलं. म्हणून बीपी मोजायला सांगाच, वेळेत अॅम्लोडिपिन हे बीपीचं औषध सुरू झालं तर कधीकधी थोडी नजर परत येते.

कुत्र्यात डायबेटिसचा मोतीबिंदू काही दिवसांतही येतो, त्यावर ऑपरेशन होतं. सार्ड्स नावाचा प्रकार मात्र वाईट, डोळा वरून एकदम नॉर्मल दिसतो पण रेटिना काम बंद करतो, बऱ्याचदा त्याआधी तहान, भूक, लघवी वाढलेली असते, आणि खात्रीचा इलाज अजून नाही.

नजर नसेल तोपर्यंत घरातलं सामान हलवू नका, पाण्याचं भांडं जागेवरच ठेवा, जिना अडवा आणि हात लावायच्या आधी नावाने हाक मारा, नाहीतर बिचारं दचकतं.