युद्धकाळात तरी छळाला अपवाद हवा की नको?

तुम्ही विचारलंय: शत्रूचा माणूस हाती लागलाय, दादर स्टेशनात बॉम्ब आहे, तासाभरात फुटणार, तरीही कायद्याने छळावर सरसकट बंदी ठेवायची का? माझं उत्तर हो. एकही अपवाद न ठेवता.

मी वकील नाही. मुंबईच्या फौजदारी कोर्टांत स्टेनो म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. आणि मी काही साधूसंत नाही. 11 जुलै 2006 ला लोकल गाड्यांत स्फोट झाले त्या रात्री मी चर्चगेटहून बोरिवलीला थोडा चालत, थोडा एका टेम्पोतून पोचलो. त्या रात्री कुणी हातात पट्टा दिला असता तर मीही चालवला असता. म्हणूनच तो पट्टा माझ्यासारख्याच्या हातात कायद्याने देऊ नये.

रिमांडला आणलेल्या आरोपीला मॅजिस्ट्रेट विचारतात, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? नव्वद टक्के वेळा उत्तर येतं, नाही. पुढे पुढे तर आरोपी तोंड उघडायच्या आत मी 'तक्रार नाही' टाइप करून ठेवायचो. एकदा एक पोरगा आला, त्याला पिंजऱ्याची पायरी चढवेना. विचारल्यावर म्हणाला, बाथरूममध्ये पाय घसरला साहेब. माझं वाक्य आधीच टाइप झालेलं होतं. साहेबांनी सही केली, पुढचं प्रकरण पुकारलं गेलं. माणसाला जपण्यासाठी ठेवलेल्या प्रश्नाची ही गत, तर छळाला दिलेल्या परवानगीची काय होईल? तिचाही छापील नमुना निघेल. 'तातडीची परिस्थिती' एवढे दोन शब्द आधीच भरलेले, खाली सहीची जागा. युद्धात तर प्रत्येक अधिकाऱ्याला आपल्यापुढचाच बॉम्ब टिकटिकतोय असं वाटतं.

शिवाय तुमच्या उदाहरणात सगळं आधीच माहीत आहे: बॉम्ब आहे, याच माणसाने ठेवलाय, फक्त जागा कळायची बाकी. खऱ्या आयुष्यात बहुतेक वेळा हा तोच माणूस आहे का, हेच माहीत नसतं. आणि मार खाणारा खरं बोलत नाही, मारणाऱ्याला जे ऐकायचंय ते बोलतो. इब्न अल-शेख अल-लिबी नावाच्या कैद्याला अमेरिकेने इजिप्तच्या हवाली केलं. तिथे तो म्हणाला की इराकने अल-कायदाला रासायनिक आणि जैविक अस्त्रांचं प्रशिक्षण दिलं. फेब्रुवारी 2003 मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांत हेच सांगितलं, पुढच्याच महिन्यात इराकवर हल्ला झाला. 2004 मध्ये लिबीने ते सगळं नाकारलं. बॉम्ब शोधायचा राहिला बाजूला, उलट एका युद्धाला सबब मिळाली.

कागदावर ही बंदी आहेच. 1949 चा तिसरा जिनेव्हा करार सांगतो की युद्धकैद्याने नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिक क्रमांक एवढंच सांगणं बंधनकारक आहे. माहितीसाठी त्याच्यावर कसलीही जबरदस्ती करता येत नाही. 1984 च्या छळविरोधी कराराच्या दुसऱ्या कलमात तर स्पष्टच आहे की युद्ध किंवा युद्धाचा धोका ही सबब चालणार नाही. भारताने त्यावर 1997 मध्ये सही केली, पण अजून मान्यता दिलेली नाही. 2010 मध्ये लोकसभेने छळाविरुद्धचं एक विधेयक मंजूर केलं, ते पुढे बारगळलं. आणि 1999 मध्ये कारगिलला पाकिस्तानच्या हाती लागलेले कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांच्या पाच जवानांचे देह छळाच्या खुणांसह परत आले, तेव्हा आपण जिनेव्हाचंच नाव घेतलं. ते बरोबरच होतं. पण मग तो नियम आपल्या कोठडीच्या दाराशी संपत नाही.

'पण एखाद्या अधिकाऱ्याने खरंच माणसं वाचवली तर?' त्याने ते कोर्टात उभं राहून सांगावं. इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये साधारण हीच वाट धरली: आधी परवानगी नाही, खटला झाल्यावर नाइलाजाचा बचाव मांडता येईल. ती फटही मला थोडी मोठीच वाटते.

आता पुन्हा 2006. साध्या पुरावा कायद्यात पोलिसांपुढचा कबुलीजबाब चालत नाही. संघटित गुन्हेगारीसाठी मोक्का हा खास कायदा आला आणि त्यात वरिष्ठ अधिकाऱ्याने नोंदवलेला जबाब चालू लागला. म्हणजे अपवादच. 189 माणसं गेलेल्या त्या खटल्यात असे जबाब महत्त्वाचा पुरावा होते. 2015 मध्ये 12 जण दोषी ठरले, पाच जणांना फाशी सुनावली गेली. जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना सोडलं. जबाब छळ करून घेतलेले आणि अविश्वसनीय मानले, काहींचा मजकूर एकमेकांशी जुळतो हेही दाखवलं. (ते वाचताना माझी बोटं आखडली. कागद कसा तयार होतो हे मला ठाऊक आहे.) सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असं सांगितलं, सुटलेल्यांना परत तुरुंगात मात्र पाठवलं नाही.

तुमच्या प्रश्नातला बॉम्ब दादरला आहे, अजून फुटायचाय. आमच्या लाइनवरचे सात फुटून गेले, आणि ते कुणी ठेवले हे उच्च न्यायालयाच्या त्या निकालानंतर पुन्हा प्रश्नचिन्हच आहे.