‘तळंच ना ते?’

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत, मिनेसोटात असतो. त्याने जुनी शिडाची बोट घेतली आहे आणि जुलैत आम्हा दोघांना दहा दिवस लेक सुपीरियर या तिथल्या सरोवरावर न्यायचं म्हणतो. मी बासष्ट वर्षांची आहे. ‘खारं पाणी नाही, भरती-ओहोटी नाही, तळंच ते, घाबरतेस काय,’ असं त्याचं म्हणणं. जावं का? स्वयंपाक-आंघोळीचं कसं करतात? — एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, जरूर जा. पण ‘तळंच ते’ हे आधी मनातून काढा. हे पाणी 560 किलोमीटर लांब आहे आणि सगळ्यात खोल जागी 406 मीटर. नोव्हेंबर 1975मध्ये ‘एडमंड फिट्झगेराल्ड’ हे 222 मीटरचं मालवाहू जहाज 29 माणसांसकट इथेच बुडालं. जुलै एवढा वाईट नसतो. तरी लाटांपेक्षा मला इथल्या गारठ्याची भीती वाटते.

मी मालवणची. पाण्यात पडलं की माणूस भिजतं, एवढंच मला ठाऊक. इथल्या पहिल्या उन्हाळ्यात, या सरोवरातल्या आयल रॉयल बेटाकडे जाताना दोरीच्या बादलीने पाणी काढलं आणि कढई विसळायला हात घातला. दोनेक मिनिटांत बोटं मिटेनात, घासणी हातातून सुटली. असल्या पाण्यात पडलं तर पट्टीच्या पोहणाऱ्याचाही श्वास कोंडतो, मग हातपाय चालेनासे होतात. म्हणून डेकवर यायचं ते लाईफ जॅकेट घालूनच, आणि वारं असलं की पट्टा बोटीला अडकवून. मुलगा हसला तरी हट्ट सोडू नका.

उबदार, दमट हवा या पाण्यावर आली की धुकं धरतं. कधी स्वतःच्या बोटीचं पुढचं टोक दिसत नाही. लोहखनिज नेणारी तीनशे मीटरची जहाजं त्याच पाण्यातून जातात. शिडावर असताना दर दोन मिनिटांनी भोंगा द्यायचा, एक लांब आणि दोन आखूड. ते काम तुम्ही मागून घ्या. कान देऊन बसणारं माणूस बोटीवर फार लागतं.

स्वयंपाकाला तीन लिटरचा कुकर न्या. बोट कलंडली तरी बंद झाकणातली खिचडी सांडत नाही. प्यायला सरोवराचंच पाणी, बंदरापासून लांब भरलेलं, गाळून आणि उकळून. आंघोळ उन्हात तापवलेल्या काळ्या पिशवीतल्या पाण्याने, तीही एक दिवसाआड. साबण मात्र सरोवरात जाऊ द्यायचा नाही. संडासाचं टाकीत साठतं आणि बंदरावर पंपाने उपसतात. पाण्यात सोडायला बंदी आहे, आणि ती हवीच.

आयल रॉयलच्या खाडीत नांगर टाकला की रात्री नऊनंतरही उजेड असतो आणि लून पक्षी हाका घालतात. तेव्हा आत झोपायला जाऊ नका. कानटोपी घाला आणि बाहेर बसा.