नवी गिटार ठेवू की परत देऊ?

चार दिवस बोटं दुखली म्हणून गिटार परत द्यायला निघालास होय? थांब की जरा. बोटं सगळ्यांचीच दुखतात, काही आठवड्यांत घट्टे पडतात.

आधी पट्टी घे. बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे दांडीवरची धातूची आडवी कांडी) सगळ्यात जाड तार किती वर आहे? अडीच मिलिमीटरच्या आसपास ठीक. चार भरली तर दोष तुझा नव्हे; सेटिंग, म्हणजे तारांची उंची जुळवून घे, मग ठरव.

मग:
- मोकळी तार ट्यूनरवर (स्वर दाखवणाऱ्या यंत्रावर) जुळव, बाराव्या फ्रेटवर दाब. तोच स्वर वरच्या सप्तकात यायला पाहिजे. नाही आला तर दुकानात दाखव.
- मांडीवर घेतल्यावर उजवा खांदा वर चढतो? मग गिटारचा आकार तुला मोठा झाला.

आणि बेळगावचा पाऊस! लाकूड फुगतं, तारा वर येतात. माझी पहिली गिटार जुलैभर शहापुरातल्या घरी खिडकीखाली होती, ब्रिजच (तारा अडकवायची खालची पट्टी) उचकटला. पिशवीत घालून ठेव.