विधेयक कुठवर आलं, हे गावात बसून कसं कळेल?

तुम्ही विचारलंय की इनामी जमिनीच्या, म्हणजे जुन्या राजवटीने देवस्थानाला किंवा सेवेबद्दल दिलेल्या जमिनीच्या, कायद्यात दुरुस्ती येतेय असं तहसीलमध्ये ऐकलं. ती मंजूर झाली की अडकली, हे गेवराईत बसून कसं बघायचं. मी परभणीला महसुली दाव्यांचं काम बघतो, त्यामुळे हा प्रश्न रोजचाच आहे.

आधी कानावर आलेली गोष्ट विधेयकच आहे का, हे तपासा. मंत्री सभागृहात घोषणा करतात, मंत्रिमंडळ निर्णय घेतं, खातं जीआर (शासन निर्णय) काढतं, सभागृह ठराव करतं, आणि या सगळ्याच्या बातम्या एकाच थाटात छापून येतात. जुलै २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी विधानसभेत तुकडेबंदी (ठराविक क्षेत्रापेक्षा लहान तुकडा विकायला असलेली बंदी) शिथिल करण्याची घोषणा केली, तर दुसऱ्या दिवसापासून 'आता गुंठ्याची रजिस्ट्री होते ना?' म्हणून लोक विचारायला लागले. कायद्याचं एक अक्षर तेव्हा बदललेलं नव्हतं. ठरावाचा अनुभव तर मराठवाड्याला वेगळा सांगायला नको. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ ला केला, आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला.

विधेयकच असेल तर शोध सुरू होतो आणि इथेच आपली माणसं फसतात. विधानमंडळाच्या संकेतस्थळावर 'मराठवाडा इनाम' असं शोधून काही हाती लागत नाही, कारण आपल्याकडचे जुने जमीन कायदे अजून निजामी राजवटीच्या प्रदेशाचं नाव घेऊनच चालतात. इनामांचा मूळ कायदा १९५४ चा, 'हैदराबाद इनामे व रोख अनुदाने' या नावाने सुरू होणारा. कुळांचा १९५० चा, तोही हैदराबादचाच. मुंबईच्या नावाचे कायदे नंतर 'महाराष्ट्र' झाले, हैदराबादचे राहिले तसेच. तेव्हा 'हैदराबाद' टाकून शोधा आणि शीर्षकाच्या शेवटी कंसात '(सुधारणा)' आहे का बघा. सापडलं की विधेयकाचा क्रमांक आणि साल वहीत लिहून ठेवा. उदाहरणार्थ, 'सन २०२४ चे विधानसभा विधेयक क्रमांक अमुक'. पुढे हाच क्रमांक कामाला येतो. बातमीतलं नाव दर वेळी वेगळं असतं. विधेयक उघडल्यावर शेवटचं 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' आधी वाचा. कलमांपेक्षा ते निवेदन समजायला सोपं असतं.

टप्पे थोडक्यात असे. पुरःस्थापित झालं म्हणजे फक्त मांडलं. मग विचारार्थ घेणं, खंडशः (एकेका कलमावर) चर्चा, मंजुरी. तेवढंच पुन्हा विधान परिषदेत. बहुतेक वेळा आवाजी मतदान, आणि अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसांत तर विधेयकं भराभर उरकली जातात. म्हणून रोज बघत बसू नका. मुंबईतली अर्थसंकल्पी आणि पावसाळी, आणि डिसेंबरातलं नागपूरचं, या तीन अधिवेशनांत 'दिवसाच्या कामकाजाचा क्रम' चाळला तरी पुरे. समितीकडे गेलं तर मात्र महिने जातात. जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ मध्ये मांडलं गेलं, त्यानंतर विधानसभेची मुदत संपली आणि ते गळालं. डिसेंबरात नागपूरला पुन्हा मांडलं, संयुक्त समितीकडे गेलं, आणि १० जुलै २०२५ ला विधानसभेत, दुसऱ्या दिवशी परिषदेत मंजूर झालं. अधिवेशन संपल्याने विधेयक मरत नाही, पण विधानसभा बरखास्त झाली की तिच्यापुढे प्रलंबित असलेलं मरतं. निवडणुकीच्या वर्षी हे पक्कं ध्यानात ठेवा.

आता खरी गंमत. 'दोन्ही सभागृहांत मंजूर' ही बातमी आली की लोक पेढे वाटतात, पण त्यापुढे राज्यपालांची संमती आहे, आणि काही विधेयकं राष्ट्रपतींकडे जातात. महिलांवरच्या अत्याचारांविरुद्धचं 'शक्ती' विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर झालं. राष्ट्रपतींच्या संमतीअभावी वर्षानुवर्षं कायदा झालंच नाही. उलट मराठा आरक्षणाचं २०१८ चं विधेयक २९ नोव्हेंबरला मंजूर झालं आणि लगेच ३० नोव्हेंबरला राजपत्रात आलंही. 'सन २०१८ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक ६२'. सरकारला घाई असली की काय होतं ते यावरून समजा. संमतीनंतर विधेयकाचा क्रमांक जाऊन हा अधिनियम क्रमांक लागतो. तो असाधारण राजपत्रात दिसला तरच कायदा झाला म्हणायचं. ई-राजपत्र मोबाईलवर उघडतं.

तिथेही पहिलं कलम वाचल्याशिवाय उठू नका. 'राज्य शासन, राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नियत करील अशा दिनांकास अंमलात येईल' असं लिहिलं असेल तर अजून एका अधिसूचनेची वाट बघायची. त्यानंतर नियम आणि अर्जाचा नमुना यायचा. हे सगळं येईपर्यंत तहसीलदार 'आम्हाला अजून काही आलं नाही' म्हणतात तेव्हा ते टाळतातच असं नाही.

नेट चालत नसेल तर आमदारांच्या स्वीय सहायकाला गाठा, विधेयकाच्या छापील प्रती त्यांच्याकडे येतात. आपल्या विभागाचे पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघाचे परिषदेतले आमदारही विसरू नका; माझ्या अनुभवात त्यांच्याकडून कागद लवकर मिळतो. फक्त 'इनामाच्या विधेयकाचं काय झालं?' असं विचारू नका, क्रमांक सांगून विचारा. आणि तोवर कुणी 'कायदा झालाय, सही करा' म्हणत इसारपावती (जमिनीच्या सौद्याच्या आगाऊ रकमेचा कागद) पुढे केली, तर अधिनियमाचा क्रमांक मागा.